प्रश्न नीट वाचा

प्रोफेसर देवराव गावंडे यांच्या हाताशी लाल पेन्सिल असली, की समोरचा कागद कोणाचा आणि कशाचा याला काही महत्त्व उरत नसे. कागद आहे ना, मग तो तपासायचा. तेवीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासून तपासून उजव्या हाताला ती खोडच जडली होती. कळमेश्वरहून धाकट्या भावाचं पत्र आलं, तर 'म्हैस व्याली' याच्या शेजारी 'केव्हा? स्पष्ट करा' असं लिहूनच ते पुढची ओळ वाचत. लग्नपत्रिकांना गुण देत. एकदा त्यांच्याच मोहल्ल्यातल्या, धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या चिठ्ठीवर त्यांनी सवयीनं 'अक्षर सुधारा' असा शेरा मारला आणि चिठ्ठी तशीच कंपाउंडरच्या हाती गेली. त्यानंतर डॉक्टर सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या शेऱ्यांपैकी एक मात्र साऱ्या नागपुरात गाजलेला होता: 'प्रश्न नीट वाचा.' कॉलेजात व्याख्यानं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, प्रोफेसरांचं रागावणंही इंग्रजीत. पण देवरावांचा हा शेरा कायम मराठीत. गुण कुठल्याही भाषेत दिले तरी चालतात, कान मात्र मायबोलीतच धरावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. जबलपूर-रायपूरकडून आलेली हिंदी मुलं बाकी मराठी शिकोत न शिकोत, हे तीन शब्द पहिल्या सहामाहीतच शिकत. पुढे हीच मुलं वकील झाली, तहसीलदार झाली, सेक्रेटरिएटात कारकून झाली, तरी कोणी वेड्यासारखं बोललं की एकमेकांना म्हणत, अरे बाबा, प्रश्न नीट वाच.

आता एवढा करडा माणूस दर आठवड्याला काय उद्योग करतो, हे त्यांच्या समजुतीनं गावात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक, साप्ताहिकाचे संपादक रुपराव, आणि दुसरी देवरावांची स्वतःची बायको गोपिकाबाई. रुपरावांच्या साप्ताहिकात रविवारी 'माडीवरून' या नावाचं एक सदर येई. खाली सही 'एक भाडेकरू'. सुरुवातीला त्यात साधीच करमणूक असे. कॉलेजच्या मीटिंगा मारुतीच्या शेपटासारख्या का वाढतात, धंतोलीत सायकल शिकणारे वकील नेमके संत्रीवालीच्या टोपलीवरच का पडतात, बायको आणि घड्याळ यांत आधी कोणाचं ऐकावं, असलं काहीबाही. मग हळूहळू भाडेकरूची नजर लांब जाऊ लागली. आमचा घरमालक साता समुद्रापलीकडे राहतो, त्यानं एका लेखात लिहिलं, छप्पर गळतं हे त्याला कळवलं की तो चौकशीला एक कमिशन पाठवतो. कमिशन ओलं होऊन परत जातं.

नागपूर हसलं. चहाच्या दुकानांत लोक मोठ्यानं वाचून दाखवू लागले. छत्तीस साल सरून सदतीस लागलं आणि प्रांतात निवडणुकीची धामधूम सुरू झाली, तेव्हा भाडेकरूनं लिहिलं की घरमालकानं आता मोठ्या मनानं आम्हाला अंगण कोण झाडणार हे मतदानानं ठरवायची मुभा दिली आहे, झाडू मात्र त्याच्याच कपाटात राहील. हे वाक्य सेक्रेटरिएटात फार जणांनी फार वेळा वाचलं.

सरकारी नोकरानं राजकारणावर चार ओळी छापायच्या नाहीत, हा नियम देवरावांना काय ठाऊक नव्हता? नियम तोडणाऱ्याची नोकरी जाते, तीन वर्षांवर आलेलं पेन्शनही जातं, हेही ठाऊक होतं. कळमेश्वरच्या गावंड्यांत सात पिढ्यांत कागदावर अंगठ्याऐवजी सही करणारा हा पहिला. भाऊ अजून बाजारात पाहुण्यांना सांगे, आमचा देवराव सरकारी प्रोफेसर हाय. पण आठवडाभर जे वर्गात बोलता येत नाही, मीटिंगीत बोलता येत नाही, ते एकदा कागदावर उतरलं की त्यांना शनिवारी झोप कशी गाढ लागायची. त्या झोपेसाठी ते लिहीत.

काळजीही घेत हो. देवराव उत्तरपत्रिकेच्या लांब कागदावर लिहीत, मग सवयीनं लाल पेन्सिलीनं तोच लेख तपासून स्वतःला गुण देत, क्वचितच पन्नासाच्या वर. त्यानंतर गोपिकाबाई तो कागद घेऊन बसत आणि आपल्या गोल, टपोऱ्या अक्षरात उतरवून काढत. लाल ते सगळं गाळून. काटोलकडच्या शेतकऱ्याची ही मुलगी लग्न होऊन आली तेव्हा तिला 'अ'सुद्धा येत नव्हता. नवऱ्यानं शिकवलं, आणि आता त्याच्याच लेखातलं जे वाक्य कळलं नाही ते ती सरळ सोडून देई. त्यामुळे लेख सुधारत, हे देवरावांनी मनातल्या मनात कबूल केलं होतं. गोपिकाबाईंची प्रत छापखान्यात जाई आणि मूळ कागद चुलीत.

संक्रांतीच्या आधीच्या सोमवारी प्रिन्सिपॉलसाहेबांनी देवरावांना खोलीत बोलावलं. प्रिन्सिपॉल मधुकरराव बक्षी म्हणजे एकेकाळी देवरावांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसणारं पोर. विलायतेला जाऊन आलं आणि गेल्या वर्षी गुरुजींच्या डोक्यावर येऊन बसलं. देवरावांच्या पोटात दुखलं नाही असं कोण म्हणेल? पण मधुकरराव अजून त्यांना 'सर' म्हणत, आणि देवराव आत आले की खुर्चीवरून उठत. तेवढ्यावर देवरावांनी समाधान मानलं होतं.

मधुकररावांनी एक पत्र पुढे केलं. सेक्रेटरिएटचं होतं, इंग्रजीत, चांगलं दीड पान. देवरावांनी पहिल्या ओळीत 'भाडेकरू' हा शब्द पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या ओळी डोळ्यांसमोरून नुसत्या सरकल्या. मधुकरराव सांगत होते की या सदराबाबत सरकारनं आपल्या कॉलेजकडे चौकशी केली आहे, आणि एकाच बाकावरच्या दोघांनी कॉपी केली तर मूळ कोणाचं हे नुसतं वाचून ओळखणारा माणूस आपल्याकडे एकच आहे. तेव्हा ही चौकशी सरांनीच करावी आणि पुढच्या सोमवारी लेखी अहवाल द्यावा. पत्र बरोबर न्या, नीट वाचा, असंही ते म्हणाले.

देवरावांनी पत्राची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. जिवंत विंचू खिशात ठेवावा तशी ती त्यांनी आठवडाभर जपली आणि एकदाही बाहेर काढली नाही.

घरी येऊन त्यांनी गोपिकाबाईंना सांगितलं. त्या तेव्हा माहेरी जायच्या तयारीत होत्या. भाचीची पहिली संक्रांत, शिवाय हुरडा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आता लिहिणं बंद काय जी? बंद, देवराव म्हणाले. पण वाचकांचा निरोप न घेता कसं जायचं? फक्त एक शेवटचा लेख. गोपिकाबाई म्हणाल्या, लिहा, पण मी आल्याबिगर देऊ नका. आणि मंगळवारच्या गाडीनं त्या काटोलला गेल्या.

बायको घरात नसली की पुरुषाला आपण फार शहाणे आहोत असं वाटू लागतं. देवरावांनी बुधवारी लेख लिहिला, नाव दिलं 'घर सोडताना'. शुक्रवारी वाटलं, रविवार चुकला तर उगाच लोकांच्या मनात शंका येतील. उतरवायला कोणी नाही, तर आपणच उतरवू, डाव्या हातानं. डाव्या हातानं चार ओळी झाल्या त्या त्यांना स्वतःलाच वाचता येईनात. मग त्यांनी विचार केला की छापखान्यातला खिळे जुळवणारा कंपोझिटर आपलं अक्षर थोडंच ओळखतो. त्या दिवशी टेबलावर सहामाहीच्या साठ उत्तरपत्रिका होत्या. उन्हात खाट टाकून त्यांनी त्या तपासल्या, त्याच भरात लेखही तपासला, सगळ्यांत वर होता तो उचलून पाकिटात घातला आणि फिरायला जाताना सीताबर्डीवरच्या छापखान्याच्या पेटीत सोडून दिला. घरी येऊन पोह्यांवर तेल-तिखट घालून खाल्लं. फार हलकं वाटलं.

इकडे रुपराव निवडणुकीच्या सभा करत रामटेककडे हिंडत होते. छापखान्यात होता एकटा कंपोझिटर चंद्रभान, आणि चंद्रभानचा बाणा असा की कागदावर जे आहे ते खिळ्यात बसलं पाहिजे. पूर्वी एकदा त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक ओळ गाळली होती, तेव्हा रुपरावांनी त्याला इतकं फैलावर घेतलं होतं की त्यानं डोकं वापरणंच सोडलं.

रविवारी सकाळी देवरावांनी साप्ताहिक उघडलं. लेख सुंदर छापला होता. भाडेकरू निरोप घेत होता: या घरात ऊन चांगलं येतं, शेजार चांगला आहे, मीच थोडा भित्रा निघालो. त्याच्याखाली सही. आणि सहीच्या खाली, ठळक टाइपात:

'शंभरपैकी अठ्ठेचाळीस. विषयांतर फार. शेवट घाईत. प्रश्न नीट वाचा.'

देवराव मटकन खाली बसले. पहिली गोष्ट त्यांच्या मनात आली ती अशी की शेरा तसा बरोबर होता, शेवट खरंच घाईत झाला होता. दुसरी गोष्ट अशी की आता आपण मेलो.

दूध घालायला रामाजी आला. तो निरक्षर, पण तोही दारातून जास्तच वाकून नमस्कार करून गेला. दहाच्या सुमाराला समोरच्या रस्त्यानं दोन वकील सायकलवरून गेले, दोघेही त्यांचे जुने विद्यार्थी. देवरावांच्या माडीकडे बघून त्यांनी टोप्या काढल्या आणि एकजण पडता पडता वाचला. अकरा वाजेपर्यंत देवरावांनी खिडकी लावून घेतली. दुपारी रुपराव धापा टाकत आले, कपाळाला हात लावून बसले आणि सांगू लागले की चंद्रभानला विचारलं तर तो म्हणतो, मले वाटलं हे बी लेखातलंच होय, वाचून हासू आलं मले. सारा गाव हसतोय, रुपराव म्हणाले, अंक दुपारच्या आतच संपला. मग आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाईघाईनं काढता पाय घेतला.

पण देवराव तर्कशास्त्राचे प्रोफेसर होते. रुपराव गेल्यावर ते येरझाऱ्या घालू लागले, आणि येरझाऱ्या घालता घालता त्यांना वाट दिसली. हा शेरा कोणाला ठाऊक आहे? तेवीस वर्षांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना. म्हणजे तो कोणीही लिहू शकतो. उलट, खुद्द गावंडे असते तर त्यांनी स्वतःचा शेरा स्वतःच्या लेखाखाली छापून घेतला असता का? इतका मूर्ख कोण असतो? तेव्हा उघड आहे की हा होस्टेलातल्या कोण्या टवाळ पोराचा उद्योग. अनुमान निर्दोष होतं. नाव कोणाचं घ्यायची गरज नव्हती. त्यांनी टेबलाशी बसून अहवाल लिहायला घेतला आणि तासाभरात दोन पानं झालीसुद्धा. घामही वाळला.

संध्याकाळच्या गाडीनं गोपिकाबाई आल्या, हुरड्याचं गाठोडं आणि तिळगुळाचा डबा घेऊन. स्टेशनावरून येताना टांगेवाल्यानंच त्यांना बातमी सांगितली होती. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पाणी प्यायल्या, टेबलावरची दोन पानं उचलली आणि खिडकीशी नेऊन शांतपणे वाचली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी नवऱ्याला मराठीत सांगायला लावलं. देवरावांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, कोणाचं नाव नाही वं त्यात, बघ.

"नाव नाही, पण पोरं तर हायेत ना," गोपिकाबाई म्हणाल्या. "उद्या सरकार म्हणन, कोणता पोरगा? मंग कोन्या गरिबाच्या पोराले धरतीन. तुमी कळमेश्वराहून आले तवा तुमी बी होस्टेलातच रायत होते जी."

एवढंच. आवाज चढवला नाही की काही नाही. मग त्या हुरडा भाजायला आत गेल्या. देवराव बसून राहिले. त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून, खोलीत कोणी नसतानाही, त्यांनी चष्मा पुसायला घेतला. होस्टेलातला दुसऱ्या मजल्यावरचा तो कोपरा त्यांना आठवला, वडील दादाजी कळमेश्वरहून डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन आले होते तो दिवस आठवला. त्या वेळी कोणी प्रोफेसरानं असं निर्दोष अनुमान काढलं असतं तर?

त्यांनी ती दोन पानं चुलीत घातली. मग नवा कागद घेऊन लिहायला बसले आणि या खेपेला पाच पानं झाली. 'एक भाडेकरू' म्हणजे मीच. पहिला लेख कधी लिहिला, का लिहिला, संपादकांचा दोष किती, माझा किती, वाक्यावाक्यासाठी मी कसा जबाबदार आहे, सगळं क्रमानं, पुराव्यानिशी. पत्नीचं नाव त्यात कुठे नव्हतं. शेवटी राजीनामा देण्याची तयारी. लिहून झाल्यावर लाल पेन्सिल आपोआप हातात आली, पण त्यांनी ती खाली ठेवली. हुरडा खाताना ते म्हणाले, "चल, कळमेश्वरात वांगी लावू." गोपिकाबाई म्हणाल्या की वांगी लावायला अक्कल लागते.

सोमवारी सकाळी देवराव कॉलेजात शिरले तेव्हा व्हरांड्यातली मुलं एकदम बाजूला झाली. कोणी हसलं नाही. एरवी दांडगाई करणारी ती पोरं भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि त्यांच्यामधून देवराव प्रिन्सिपॉलच्या खोलीकडे गेले.

मधुकरराव उठून उभे राहिले. देवरावांनी अहवाल पुढे ठेवला. मधुकररावांनी खाली बसून पाचही पानं वाचली, घाई न करता. बाहेर तासाची घंटा झाली, तरी ते वाचतच होते. मग त्यांनी मान वर केली.

"सर, आपली पेन्सिल द्या जरा."

देवरावांनी खिशातून लाल पेन्सिल काढून दिली. मधुकररावांनी अहवालाच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि कागद फिरवून त्यांच्यासमोर सरकवला. तिथे मराठीत लिहिलं होतं:

'प्रश्न नीट वाचा.'

देवरावांना काही कळेना. मधुकरराव म्हणाले, ते पत्र आहे ना आपल्याजवळ? काढा. देवरावांनी आतल्या खिशातली घडी काढली आणि आठवड्यात पहिल्यांदा ते पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. वरती सदराबद्दल बरीच आगपाखड होती. आणि शेवटी, वेगळ्या परिच्छेदात, सरकारनं कॉलेजला जो प्रश्न विचारला होता तो एका ओळीचा होता. आपल्या कॉलेजच्या पटावरील कोणी विद्यार्थी हे लेखन करतो काय? करीत असल्यास त्याचं नाव काढून टाकावं.

"एका शब्दाच्या उत्तराला आपण पाच पानं लिहिलीत, सर," मधुकरराव म्हणाले. "आणि विषयांतर फार."

त्यांनी टाक उचलला, एक कोरा कागद घेतला आणि इंग्रजीत उत्तर लिहून सही केली. चौकशी केली. कोणीही नाही. पुढे कधी सरकारनं पुढचा प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर तेव्हा बघू, असं म्हणून त्यांनी टीपकागद दाबला.

देवराव म्हणाले, "तुला… तुम्हाला माहीत होतं?"

तिसऱ्या लेखापासून, मधुकरराव म्हणाले. तीन पुरावे देऊन वर चौथा स्वतःच खोडून काढणारा माणूस गावात एकच आहे. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मुलं अजून भिंतीला टेकून उभी होती.

"मला भीती एकाच उत्तराची होती, सर. सगळ्यांत सोपं होतं ते. पोरांवर ढकलणं."

देवरावांनी मान खाली घातली. ती दोन पानं चुलीत गेली आहेत हे मधुकररावांना सांगावं की नाही, असं त्यांच्या मनात आलं. शेवटी त्यांनी सांगितलं. लिहिलं होतं मी तेही, ते म्हणाले, काल दुपारी. बायकोनं वाचवलं. मधुकररावांनी ती पाच पानं घडी करून देवरावांच्या हातात दिली, पेन्सिलही दिली, आणि दारापर्यंत सोडायला आले.

घरी आल्यावर देवरावांनी सगळं गोपिकाबाईंना उभ्या उभ्याच सांगितलं. पाच पानं चुलीत गेली. त्यांची राख होईपर्यंत दोघंही तिथेच उभे राहिले. मग गोपिकाबाईंनी हात धुतले, दौत-टाक घेऊन खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, आता भाडेकरू घर सोडून जात नाही, हे लोकाइले सांगावं लागन, नाही तर लोक नवा भाडेकरू पाहतीन. सांगा, मी लिहिते.

देवराव खाटेवर टेकले. पहिलं वाक्य जुळवायला त्यांनी डोळे मिटले, आणि हात सवयीनं खिशाकडे गेला.

"आधी लाल पेन्सिल इकडे द्या," गोपिकाबाई म्हणाल्या.

त्यांनी ती दिली. गोपिकाबाईंनी ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि टाक दौतीत बुडवला.